पाणी न धरलेली सुरी

मालवणच्या बंदरात मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. मी मुंबईला निघालो त्या दिवशी माझा बापूसही माझ्याबरोबर पडावात चढला. पडाववाला आमच्या गिऱ्हाइकातला, म्हणून त्याला कुणी उतर म्हटलं नाही. बोटीच्या अंगाला पडाव लागला. वर शिडी सोडली होती, माणसं गाठोडी घेऊन चढत होती, बायका रडत होत्या. आणि ज्याचा एकुलता एक मुलगा घर सोडून चालला होता तो माझा बाप बोटीच्या पत्र्याकडे बघत बसला होता. पत्र्याला गंजाचे पोपडे सुटले होते. त्याने नखाने एक पोपडा उचकटला.

"एवढां लोखंड," तो पडाववाल्याला म्हणाला, "आणि एकाकय तेल लावूक सुचूक नाय."

"मेस्त्र्यानू, बोटीक तेल लावूक बसलास तर मालवणातलां सगळां खोबरेल संपात," पडाववाला म्हणाला.

बापूस हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जेवणाची आबाळ करू नको रे गुण्या." एवढंच. मी शिडी चढलो.

यशोदा, म्हणजे माझी बायको, बंदरावर आलीच नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. दुसऱ्यांच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि माझी घरी भाता ओढत होती, कारण देवबागच्या रापणकरणींच्या, म्हणजे मासेवाल्या बायकांच्या, कोयत्या त्या दिवशी द्यायच्या होत्या. बोटीत मला समुद्र लागला नाही, हा राग लागला. तो मी पुढे पाच वर्षं जपला. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी सांगायला हरकत नाही की त्या रागाचं मूळ बंदरात नव्हतं. ते घरच्या भट्टीपाशी होतं.

आम्ही लोहार. तेव्हा आमचा रत्नागिरी जिल्हा, सिंधुदुर्ग हे नाव पुढे आलं. आमचं घर कर्लीच्या खाडीकाठी, वालावल आणि देवबाग यांच्या मधे. वरच्या अंगाने वालावलचे शेतकरी होडीतून विळे, कोयते घेऊन यायचे, खालच्या अंगाने देवबागच्या बायका मासे कापायच्या कोयत्या आणि आडाळे घेऊन यायच्या. आडाळो म्हणजे आमची विळी, पाटावर बसून चिरायची. सगळ्यांना एकच पाहिजे असायचं, माझ्या बापाच्या हातचं पाणी.

पाणी म्हणजे काय ते मुंबईतल्या माझ्या नातवंडांना मी किती वेळा सांगितलं, त्यांच्या डोक्यात शिरत नाही. इथे लिहून ठेवतो. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा आणायचा. त्यात चांगलं पोलाद असतं. तो तापवून, ठोकून पातं काढायचं. एवढं कुणालाही जमतं, मलाही जमत होतं. मग ते पातं पिकल्या काजूच्या बोंडासारखं लाल होईपर्यंत तापवायचं आणि डोणीतल्या पाण्यात बुडवायचं. विहिरीचं पाणी. खाडीचं खारं पाणी घेतलं तर पातं तडकतं. बुडवल्यावर पातं कडक होतं, इतकं की पडलं तर काचेसारखं मोडेल. म्हणून ते वाळूने घासून पांढरं करायचं आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. तेव्हा त्याच्यावर रंग चढायला लागतो. आधी वाळल्या पेंढ्याचा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. सुरीला पेंढ्याच्या रंगावर थांबवायचं, कोयत्याला जांभळ्यावर. रंग धावतो. थांबत नाही. डोळा मिटून उघडेपर्यंत पुढे गेलेला असतो. त्या क्षणी परत पाण्यात घातलं की पात्याने पाणी धरलं. ते पातं मग वर्षभर धार सोडत नाही.

माझा डोळा त्या रंगाला कधी लागला नाही. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून भट्टीवर होतो, तरी दहातली चार पाती माझ्या हातून मऊ जायची किंवा तडकायची. बापूस मला कधी मारायचा नाही. तो नुसता ते पातं उचलून परत निखाऱ्यात घालायचा. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

आई वारली तेव्हा भात्यावर माणूस नव्हतं. लग्न होऊन यशोदा आली ती सहाव्या दिवशी भात्यावर बसली. बापसाचा डोळा तेव्हाच थोडा अधू व्हायला लागला होता, कुणाला सांगत नसे. एक दिवस तो रंगाकडे बघत होता आणि ही भात्यावरून म्हणाली, "मामानू, आता." त्याने पातं पाण्यात घातलं. कानस लावून पाहिली. कानस सरकली, चावली नाही. म्हणजे पातं बरोबर कडक झालं होतं. तिला तोवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारी बसायला आले तेव्हा बापूस कौतुकाने म्हणाला, "माझ्या झिलापेक्षा सुनेचो डोळो बरो."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो खरं तेच बोलला. पण मी पुढच्या महिन्यात मुंबईचं बोलणं काढलं.

मुंबईत मला एका लहान कारखान्यात काम लागलं. डबे, तांबे, पातेली करायचा तो कारखाना, एका कोपऱ्यात सुऱ्याही व्हायच्या. सगळा माल स्टेनलेसचा. ते दिवस असे की घरोघरच्या बायका पितळेची पिंपं देऊन स्टेनलेसचे डबे घेत होत्या. ज्याच्या घरी स्टेनलेस तो सुधारलेला. मला बफवर उभं केलं. बफ म्हणजे कापडाचं गरगर फिरणारं चाक. त्याला मसाला लावायचा आणि माल दाबून धरायचा, की पत्रा आरशासारखा होतो. संध्याकाळी माझं तोंड काळं आणि माल चकचकीत. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू. तिथे कुणी डोळा मागत नव्हतं. रंग ओळखायचा नव्हता. दाबून धरा, शिटी झाली की सोडा.

आणि माल तरी कसा. आमच्याकडे लोखंडाच्या पात्याला जन्मभर सांभाळावं लागतं. कांदा चिरलात आणि तसंच ठेवलंत तर कांद्याला काळी कड येते. आंबा कापला तर फोडीला लोखंडाचा वास. मासे कापून न पुसता ठेवलं तर सकाळी पातं तांबडं. राखेने घासा, पुसा, पावसाळ्यात खोबरेलाचा हात फिरवा. म्हाताऱ्या माणसासारखं त्याचं करावं लागतं. स्टेनलेसला त्यातलं काही नाही. नळाखाली धरलं, झटकलं, टाकून दिलं. त्याला विसरता येतं, हाच त्याचा मोठा गुण. मी घरी पत्र लिहायचो त्यात हेच लिहायचो. लोखंडाचा जमाना गेला. भट्टी किती दिवस चालवाल.

कारखान्यातला फोरमन कोल्हापूरकडचा, तोंडाने फटकळ पण जाणता माणूस. त्याने मला एकदा चुंबक दाखवलं. भांड्याच्या पत्र्याला लावलं, चिकटलं नाही. सुरीच्या पत्र्याला लावलं, चिकटलं.

"हे दोन्ही स्टेनलेसच," तो म्हणाला, "पण जात वेगळी. सुरीच्या पत्र्याला पाणी देता येतं, तो बाहेरून भट्टीतून काढून आणतात. भांड्याचा पत्रा विहिरीत बुडवून ठेव वर्षभर, पाणी लागायचं नाही. त्याची सुरी केलीस तर ती नुसती बघायची."

मी हो म्हटलं. हे ऐकलेलं मला पक्कं आठवत होतं. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

पाचव्या वर्षी मला खोली मिळाली. दहा बाय बारा, मोरी आत. यशोदाला लिहिलं, आता ये. तिने शेजारच्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं की मामांचा डोळा अधू झाला आहे, भाता सोडून येता येत नाही, राग मानू नये. मी मानला. खानावळीत पाच वर्षं जेवलेल्या माणसाने आणखी काय करायचं.

त्या मे महिन्यात रजा काढून गावी गेलो. जाताना एक सुरी करून नेली. सुरीच्या पत्र्याचा तुकडा कामगाराला मिळत नसे, तो मोजून यायचा. भांड्यांच्या पत्र्याच्या कातरी, म्हणजे कापून उरलेले तुकडे, मात्र कोपऱ्यात पडलेल्या असत, त्या नेल्या तर कुणी विचारत नसे. तसली एक जाड कातर घेतली, सुरीच्या आकारात कापली, घासली, बफवर धरली, शिसवी मूठ बसवली. बघणाऱ्याचे डोळे दिपतील अशी दिसत होती. मुंबईचा माणूस काय करतो ते घरी दिसलं पाहिजे, एवढंच तेव्हा मनात होतं. फसवायचं नव्हतं. फसवणं नंतर झालं.

पडवीत माणसं जमली होती. पाच वर्षांनी आलेला मुंबईकर बघायला येतात तशी. मी सुरी काढली आणि सरळ यशोदाच्या हातात द्यायला गेलो. तिने हात मागे घेतला.

"खाली ठेवा," ती म्हणाली. "धार हातात देवची नसता. भांडण होता."

"मुंबईत सगळे हातातच देतत," मी म्हटलं.

"म्हणान थंय कोण कोणाक ओळखना नाय," ती म्हणाली, आणि बायका हसल्या. मी सुरी जमिनीवर ठेवली, तिने उचलली.

रतांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस होते, अंगणात ढीग पडला होता. यशोदाने पहिल्यांदा आडाळ्यावर चार रतांबे फोडले. लोखंडाला आंबट लागलं की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पातं काळं, बोटं काळी, रसावर काळपट झाक. मग माझ्या सुरीने चार फोडले. पातं जसंच्या तसं, रस लालभडक. बायका पुढे सरकल्या. माझ्या जिवाला थंडावा वाटला.

देवबागची एक म्हातारी रापणकरीण मासे घेऊन आली होती. तिच्या टोपलीत मोरी होती, म्हणजे लहान शार्क मासा. मोरीचं कातडं खरबरीत, कानशीसारखं. ती म्हणाली, "गुण्या, रतांबो कोणीय फोडीत. ही काप बघूया."

यशोदाने मोरीवर सुरी लावली. दोन घाव बरे गेले. तिसऱ्याला सुरी कातड्यावरून घसरायला लागली. चौथ्याला ती नुसती रेटत होती. मग तिने आडाळो ओढला आणि उरलेली मोरी सरसर कापून दिली. आडाळ्याचं ते पातं बापसाने आमच्या लग्नात केलेलं.

"आरसो हाडलंस की सुरी?" म्हातारी म्हणाली. "माझा तोंड बरां दिसता तेच्यात."

सगळी पडवी हसली. यशोदाने सुरीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेका गंज येवचो नाय. पण धारय येवची नाय."

बापूस इतका वेळ कोपऱ्यात बसला होता. त्याने सुरी मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली. "पाणी कोणी दिल्यान हेका?"

"मशिनीन," मी म्हटलं.

"मशिनीक डोळो आसता?"

पुन्हा हसले. मग माझा पडलेला चेहरा बघून असेल, तो हळूच म्हणाला, "आकार बरो काढलंस हां. हातात बसता. उद्या मी हेका पाणी देतंय, मग बघ कशी चलता ती."

त्याला माझी सुरी वर काढायची होती. चार माणसांत हसं झालेल्या मुलाची सुरी. हे मला तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भट्टी पेटवली. यशोदा भात्यावर. मी उभा. सुरीची मूठ काढली, पातं निखाऱ्यात गेलं. लाल झालं. पाण्यात घातलं. वाळूने घासून हलक्या आचेवर धरलं, पण पेंढ्याचा रंग यायला फार वेळ लागला. यशोदा दोनदा "आता" म्हणायला गेली आणि थांबली. शेवटी बापसानेच अंदाजाने पाण्यात घातलं. कानस लावली. कानस शिरली. खाली भुसा पडला.

त्याने पातं परत निखाऱ्यात घातलं. पुन्हा तापवलं, जास्त लाल केलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा कानस शिरली.

तिसऱ्या वेळी त्याने माझ्या डोळ्यांदेखत डोणीतलं पाणी उपसून टाकलं आणि विहिरीवरून ताजं आणलं. सगळं पहिल्यापासून केलं. एवढ्या सावकाश काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. कानस लावायच्या आधी त्याने कपाळावरचा घाम पुसला. कानस शिरली.

भाता थांबला होता. यशोदाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तिला विचारायचं आहे. मी ऐरणीकडे बघत राहिलो.

एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, हा भांड्याचा पत्रा, ह्याला ब्रह्मदेवाने पाणी दिलं तरी लागायचं नाही. एवढं. आधी लाज वाटली, की मग सगळ्यांना कळेल मी कचऱ्यातला तुकडा सुरी म्हणून मिरवला. आणि ती लाज गिळतोय तोवर दुसरा विचार आला. तो आला हे मी नाकारत नाही. भट्टी थांबली तर यशोदा मुंबईला येईल. आदल्या दिवशीच तिने मला तोंडावर सांगितलं होतं, "भातो चलता तवसर मी येवचंय नाय." ती वाट आपसूक मोकळी होत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

बापसाने आपला उजवा पंजा उघडून पाहिला. "हात गेलो माझो," तो म्हणाला. "पत्रो नवो आसा, मुंबयचो आसा, तेका काय झालां? माझोच हात गेलो."

मी गप्प बसलो.

एका सुरीवरून कुणी भट्टी बंद करतं का, असं कुणी विचारेल. तो तसा हट्टी नव्हता. दोन दिवसांनी त्याने देवबागच्या त्याच म्हातारीची कोयती घेतली, चांगल्या कमानीच्या पाट्याची. पण भरवसा उडालेला माणूस काम कसं करतो ते मी बघितलं. रंग आलाय की नाही म्हणून त्याने यशोदाला दोनदा विचारलं. ती "आता" म्हणाली तरी तो थांबला. मग घाईने घातलं. पातं पाण्यात तडकलं, त्याचा आवाज पडवीपर्यंत ऐकू आला. चाळीस वर्षांत त्याचं असं पातं गेलं नव्हतं. त्याने म्हातारीला दुसरी कोयती दिली आणि पाया पडून सांगितलं, आता दुसरीकडे जा. पाया पडून. ती त्याच्या बहिणीसारखी होती.

माझ्या रजेचे आणखी नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत रोज आम्ही दोघं एका पंगतीला जेवलो.

गावात झालं, मेस्त्र्याचा हात गेला. लोक मालवणच्या बाजारातून तयार कोयते आणायला लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात यशोदा मुंबईला आली. बापूस म्हणाला, मला मुंबईचं पाणी मानवणार नाही. तो माझ्या चुलत्याकडे जेवायला लागला. आपली हत्यारं त्याने तेल लावून गुंडाळून ठेवली, रोज सोडून पुसायची आणि पुन्हा गुंडाळायची. हे चुलत्याने मला नंतर सांगितलं.

तो गेला तो आषाढात. पावसाळ्यात बोटी बंद. मी कोल्हापूरपर्यंत गाडीने आणि पुढे एस.टी.ने निघालो. आंबोलीला घाटात दरड आली होती. एक दिवस एक रात्र तिथेच गेली, टपरीवर उकळलेला चहा पीत. घरी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. सगळं उरकलं होतं. चुलता म्हणाला, तुझ्या वाटेकडे डोळे नव्हते हो त्याचे, शांत गेला. सांत्वन म्हणून म्हणाला असेल.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी घडलेली गोष्ट. कारखाना वाढला होता. सुऱ्यांचा वेगळा विभाग झाला, पाणी द्यायची भट्टी आतच आली आणि मी त्या विभागाचा मुकादम झालो. आमच्याकडच्या सुऱ्या आता खरोखर चांगल्या निघत होत्या. लोखंडाइतकी तेज धार नाही, पण टिकाऊ, आणि गंज नाही. ज्याला दोन्ही पाहिजे त्याने काहीतरी सोडावंच लागतं. पहिल्या चांगल्या मालातली एक सुरी मी रीतसर मागून घरी आणली. रविवार होता. यशोदा मोरीपाशी बांगडे साफ करत होती. या वेळी मी सुरी जमिनीवर ठेवली.

तिने उचलली. बांगड्याचं डोकं उडवलं. पातं धुतलं, नखावर टेकवून पाहिलं, अंगठा फिरवला. तिचा अंगठा तोवर भट्टीपासून किती वर्षं लांब होता, पण विसरला नव्हता.

"हेका पाणी दिलेलां आसा," ती म्हणाली.

"होय," मी म्हटलं. मला बरं वाटलं.

ती बांगडे साफ करत राहिली. मग म्हणाली, "त्या सुरयेक पाणी धरूचाच नव्हता. तुमका म्हायत होतां."

विचारलं नाही तिने. सांगितलं. मी खिडकीपाशी उभा होतो, तिथेच राहिलो.

"मियां मामांका त्याच दिवशी सांगलंय," ती म्हणाली. "तुमचो हात बरो आसा, पत्रोच खोटो. मामा म्हणाले, गो यशोदे, तसां आसता तर माझ्या झिलान माका सांगल्यान नसता? पाच वर्सां तो त्याच पत्र्यात हात घालून आसा."

तिने बांगड्यांना मीठ लावलं, हात धुतले. "जेवणाक बसा," म्हणाली.

त्या दिवसाचं जेवण मला आठवतं, कारण चांगलं झालं होतं. तिने कधी वाईट जेवण वाढून राग काढला नाही. पुढे चार मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, खोली जाऊन ब्लॉक आला. एवढ्या वर्षांत तिने हा विषय परत एकदाही काढला नाही. मी काढेन म्हणून ती थांबली होती का, हे मला कळत नाही. मी काढला नाही. ती घरातल्या सगळ्या सुऱ्या मात्र धुवून ठेवायची आणि पाजवायची कधी नाही. बोथट झाल्या की म्हणायची, सुनेला सांगा, नवीन आणेल. ज्या बाईने भात्यावर बसून रंग ओळखला तिच्या घरात बोथट सुऱ्या. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. मला तो लागतो.

यशोदा गेल्याला चौदा महिने झाले. तिच्या अस्थी कर्लीच्या खाडीत सोडायच्या, असं तिने थोरल्याला सांगून ठेवलं होतं. मला नव्हतं सांगितलं. आम्ही गेलो. आमच्या घराच्या जागी चुलतभावाच्या नातवाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत, बऱ्या आहेत. भट्टीच्या जागी पाण्याची मोटर आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही, जागा वापरात आहे.

अस्थी सोडून वर आलो तर वालावलचा एक म्हातारा भेटायला आला होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. काठी टेकत आला, यशोदाबद्दल दोन शब्द बोलला, मग म्हणाला, "तुझ्या बापाशीसारखां पाणी देणारो परत झालो नाय. शेवटाक बिचाऱ्याचो हात गेलो, नायतर अजून नाव काढला असता लोकांनी."

आणि मी मान हलवली.

म्हणजे बघा. बाप गेला, बायको गेली, लपवायला कुणी उरलं नाही, भीती कसलीच नाही, आणि तरी मी मान हलवली. चहा प्यायलो. म्हाताऱ्याला रिक्षात बसवून दिलं.

मुंबईला परत आल्यावर झोप लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं. माझं शिक्षण कमी, मोठ्या सुनेने शुद्धलेखन बघितलं आहे. तिला वाचताना सगळं कळलं. ती काही बोलली नाही, तिच्या सासूसारखीच.

गावात राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना, दोघांनाही सांगतो. आपल्यातले बरेच जण पोटासाठी गेले. मी पोटासाठी गेलो असं सगळे समजतात, मीही साठ वर्षं तसंच सांगितलं. मी बायकोला माझ्याहून चांगला डोळा होता म्हणून गेलो, आणि तो डोळा बंद करून तिला माझ्यामागे आणलं. गाव सोडलेली माणसं घराविषयी गोड लिहितात. माझ्यासाठी घर म्हणजे आता ती एक जागा आहे जिथे माझं खोटं अजून खरं म्हणून चालतं. तिथे राहायला जायची मला छाती होत नाही, आणि ते तसंच चालू ठेवून मरायचीही नाही.

तेव्हा वालावलच्या त्या म्हाताऱ्याला हे कुणीतरी वाचून दाखवा, त्याला आता वाचण्याइतकं दिसत नाही. देवबागला कुणाच्या आजीने आमच्या भट्टीचं नाव काढलं तर तिलाही सांगा. मेस्त्र्याचा हात गेला नव्हता. त्या दिवशीही तो बरोबर होता, शेवटपर्यंत बरोबर होता. पत्रा भांड्याचा होता. यशोदाने त्याला ते खरं सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं नाही, कारण त्याला वाटलं, मुलगा सांगितल्याशिवाय राहणार नाही.